कोकणात घरी चांगली एस्प्रेसो: मशिन कुठलं घेऊ? सल्ला हवाय

निळीखाडी:

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं पुण्याहून गुहागर तालुक्यात कायमचे राहायला आलो आहोत. घर समुद्रापासून पायी दहा मिनिटांवर, विहीर अंगणात. बाकी कशाची उणीव नाही, पण एस्प्रेसोची आठवण रोज सकाळी येते. मोका पॉट (गॅसवर ठेवून कॉफी करायचं भांडं) आहे, त्यातली कॉफी आवडते, पण ती एस्प्रेसो नव्हे.

ग्राइंडर आणि मशिन धरून बजेट साधारण तीस हजार. मला काळी लागते, नवऱ्याला दुधाची. अडचणी अशा: संध्याकाळी व्होल्टेज 180 पर्यंत उतरतं, पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि कुरियर पोचायला चार-पाच दिवस सहज लागतात. खोक्यावर एका मशिनला 15 बार लिहिलंय, दुसऱ्याला 20. जास्त बारचं घ्यावं का? आणि विहिरीचं पाणी चालेल का? किनाऱ्यावर राहून घरी एस्प्रेसो करणाऱ्यांनी कृपया लिहा.

जांभादगड:

ताई, बारचा विषय आधी मिटवून टाकू. एस्प्रेसोला कॉफीच्या पुडीवर साधारण 9 बार दाब लागतो. खोक्यावरचे 15 किंवा 20 म्हणजे पंप जास्तीत जास्त किती जोर लावू शकतो तो आकडा. त्यावरून कपात काय पडेल हे कळत नाही, त्यामुळे त्यासाठी एक रुपयाही जास्त मोजू नका.

स्वस्त मशिनबरोबर बहुतेक वेळा दुहेरी तळाचं बास्केट (पूड भरायची भोकांची वाटी) येतं. त्याच्या खालच्या तळाला एकच बारीक भोक असतं आणि दाब तिथे तयार होतो, पुडीत नाही. म्हणून जुनी, जाडसर पूड घातली तरी वर फेस दिसतो. तो फेस म्हणजे क्रेमा (खऱ्या एस्प्रेसोवर येणारा तलम तपकिरी थर) नव्हे, आणि चव पहिल्या घोटातच पातळ लागते. साध्या, एकेरी तळाच्या बास्केटमध्ये पाण्याला अडवायचं काम पुडीनेच करायचं असतं. म्हणून पूड एकसारखी दळलेली लागते, आणि म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो: निम्म्याहून जास्त पैसे ग्राइंडरवर घाला.

मिक्सरच्या भांड्यात किंवा पात्याच्या ग्राइंडरमध्ये हे काम होत नाही. थोडं पीठ होतं, थोडा रवा राहतो. पाणी रव्यातून वाट काढून पळतं आणि पीठ तसंच कडू होत बसतं. बर (दाणे एकसारखे चिरडणारे दातेरी भाग) असलेलाच ग्राइंडर हवा. तुमच्या बजेटमध्ये विजेवरचा चांगला बसणार नाही, हातानं फिरवायचा उत्तम बसेल. घेताना एका क्लिकला, म्हणजे दळण बारीक-जाड करायच्या चकतीच्या एका खाचेला, बर किती सरकतो ते बघा. किंगग्राइंडर के 6 ला क्लिकमागे 16 मायक्रॉन, वनझेडप्रेसो जे-अल्ट्राला 8. एस्प्रेसोला इतक्या बारीक फरकानेही शॉट (एका वेळी काढलेली एस्प्रेसो) पाच-सात सेकंद इकडेतिकडे होतो. पोरओव्हरसाठी (वरून पाणी ओतून गाळायच्या कॉफीसाठी) नावाजलेले काही हातग्राइंडर इथे कमी पडतात, कारण दोन क्लिकच्या मधलं दळण त्यांना जमत नाही.

रातांबा:

जांभादगड दादांशी सहमत. व्होल्टेजबद्दल माझी भर.

हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. 230 व्होल्टला 1350 वॉट देणारं मशिन 180 ला जेमतेम 825 वॉट देतं, म्हणजे साठ टक्के. पंपही मंदावतो. घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर असं मशिन चालतच नाही. तेव्हा तुमच्या वाडीतली परिस्थिती पाहता मी सरळ सांगते, हाताच्या लिव्हरचं मशिन घ्या. फ्लेअर किंवा त्या जातीचं कुठलंही, शक्यतो दाबाचा काटा असलेलं. पाणी गॅसवर उकळायचं, दांडा हाताने दाबायचा. मे 2021 च्या तौक्ते वादळानंतर आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती, कॉफी मात्र रोज होत होती.

लिव्हर म्हणजे तडजोड, असं कुणी सांगितलं तर मानू नका. 1940 च्या दशकात मिलानमध्ये आकिले गाज्जियाने स्प्रिंगचं लिव्हर मशिन बाजारात आणलं आणि आज आपण जिला क्रेमा म्हणतो ती तिथून कपात दिसू लागली. विजेच्या पंपाचं फाएमा ई 61 मशिन त्यानंतर आलं, 1961 मध्ये.

माझी रोजची पद्धत लिहिते. डोस, म्हणजे एका वेळची पूड, 16 ग्रॅम. ब्रू हेड (ज्यात पाणी ओतायचं तो मशिनचा धातूचा भाग) उकळत्या पाण्यात बुडवून चांगलं तापवायचं, ही पायरी गाळली तर शॉट आंबट येणारच, कारण थंड धातू पाण्याची उष्णता पिऊन टाकतो. पूड बास्केटमध्ये ओतल्यावर बारीक सुईने गोल गोल ढवळून गुठळ्या मोडायच्या, मग टँपरने सरळ दाबायची. तिरकी दाबली तर पाणी एका बाजूने फुटतं. पाणी ओतून आधी हलकाच दाब द्यायचा, काटा 2 बारच्या आसपास. बास्केटखाली बघत राहायचं. आधी जाळीवर तपकिरी ठिपके उमटतात, कडेने वाढत मध्यभागी जुळतात आणि तिथून एक जाड धार सुटते, काकवीसारखी. ती सुटली की दाब 8-9 वर न्यायचा. धार हळूहळू पिवळसर आणि पातळ होते. कपाखाली वजनकाटा ठेवलेला असतोच, 32 ग्रॅम झाले की कप बाजूला. दाब द्यायला लागल्यापासून 25 ते 35 सेकंद. जाळीच्या एखाद्याच ठिकाणाहून फिकट पिचकारी उडाली तर समजायचं की पाण्याने वाट काढली. तो शॉट चवीला एकाच वेळी आंबट आणि कडू लागतो. पुढच्या वेळी सुई जास्त नीट फिरवायची.

माडबन:

दुधाची कॉफी पिणारा माणूस घरात आहे, म्हणून विजेच्या मशिनची बाजू मांडतो. अशा बिनविजेच्या लिव्हरला वाफेची नळी नसते. आमच्याकडे देलाँगी देदिका आहे, 51 मिमी बास्केटचं. त्याला एकेरी तळाचं बास्केट वेगळं घेऊन बसवलंय आणि मागे स्टॅबिलायझर लावलाय. सकाळी सहा-सातला आमच्याकडे व्होल्टेज चांगलं असतं, तेव्हाच दोघांची कॉफी उरकते. 58 मिमीचं गाज्जिया क्लासिक जास्त टिकाऊ, पण ग्राइंडर धरून तीस हजारांत बसणार नाही.

रातांबा:

माडबन, मुद्दा रास्त आहे. पण दुधाला वाफच हवी असं नाही. दूध गॅसवर 60-65 अंशांपर्यंत तापवायचं, म्हणजे भांड्याला हात लावून धरता येत नाही इतपत, मग फ्रेंच प्रेसमध्ये (जाळीचा दांडा असलेल्या कॉफीच्या भांड्यात) ओतून दांडा भराभर वर-खाली करायचा. ओट्यावर दोनदा आपटलं की मोठे बुडबुडे फुटतात आणि तलम फेस राहतो. पिशवीतलं 6 टक्के फॅटचं दूध यासाठी छान. उकळी मात्र येऊ द्यायची नाही, गोडवा जातो.

जांभादगड:

पाण्याचं राहिलं. जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुधा मृदू असतं, म्हणून आपल्याकडे मशिनमध्ये क्षार साचायचा त्रास देशावरच्यापेक्षा कमी. पण तुमचं घर किनाऱ्याजवळ आहे. एप्रिल-मे मध्ये पाणी मचूळ लागतं का, ते बघा. लागत असेल तर त्या दिवसांत ते विजेच्या मशिनमध्ये अजिबात घालू नका. मिठातलं क्लोराइड स्टेनलेस स्टीललाही खातं.

टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) स्वस्त असतो, घेऊन ठेवा. कॉफीला मीटरवर 75 ते 250 दाखवणारं पाणी चालतं, 150 च्या आसपास उत्तम. मात्र मीटरला मीठ आणि चुना यातला फरक कळत नाही, तिथे जिभेवरच विसंबायचं. नुसतं आरओचं पाणीही नको. त्यात खनिजं इतकी कमी असतात की कॉफी सपाट लागते. आरओचं आणि विहिरीचं गोडं पाणी निम्मं-निम्मं मिसळून बघा.

काप्या:

मी मूळचा मालवणचा, नोकरीनिमित्त चिकमगळूरला असतो. बीन्सबद्दल लिहितो.

कुरियर उशिरा येतो याची चिंता सोडा. एस्प्रेसोला अगदी ताजं भाजलेलं चालतही नाही, आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायला आठवडा-दहा दिवस द्यावे लागतात. तुमच्या हाती पाकीट पडेपर्यंत निम्मं काम झालेलं असतं. भाजल्याची तारीख छापलेली नसेल तर ते पाकीट घेऊच नका. ब्लू टोकाई, मुंबईचं सबको, नागपूरचं कॉरिडॉर सेव्हन हे सगळे तारीख देतात आणि घरपोच पाठवतात. चिकोरी मिसळलेली पूड फिल्टर कॉफीला ठीक, इथे नको.

सुरुवात मध्यम किंवा मध्यम-गडद भाजणीने करा. फिकट भाजणीला पाणी जास्त गरम आणि दळण जास्त बारीक लागतं, नव्या हाताला ते अवघड जातं. मला स्वतःला घरच्या एस्प्रेसोसाठी मॉन्सून्ड मलबार फार आवडते. हे कच्चे दाणे मंगळूरकडच्या गोदामांत पावसाळी वाऱ्यावर पसरून ठेवतात. दमट हवेने ते फुगतात, फिकट सोनेरी होतात आणि त्यांचा आंबटपणा जवळजवळ संपतो. पूर्वी शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना महिनोन्‌महिने खाऱ्या वाऱ्यात दाण्यांना हाच गुण यायचा. दुधातही ही कॉफी हरवत नाही. क्रेमा जास्त हवी असेल तर थोडी चांगली रोबस्टा (कॉफीची एक जात) असलेलं ब्लेंड, म्हणजे मिश्रण, घ्या. रोबस्टाला नाकं मुरडू नका, भारतात पिकणाऱ्या कॉफीत तिचाच वाटा मोठा आहे आणि नीट धुऊन वाळवलेली असली तर चवीला उत्तम लागते.

पण जी दमट हवा कच्च्या दाण्याला मानवते ती भाजलेल्या दाण्याची वाट लावते. आगोटीची बेगमी म्हणून तांदूळ-डाळीबरोबर दोन किलो कॉफी भरून ठेवू नका. 250 ग्रॅमचंच पाकीट मागवा. ते उघडलं की एकेका डोसाचे दाणे वजन करून छोट्या घट्ट झाकणाच्या बाटल्यांत भरा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. रोज एकच बाटली काढायची आणि उघडल्या उघडल्या दळायची. मोठा डबा रोज फ्रीझरमधून काढून उघडलात तर दाण्यांवर दव धरतं.

माडबन:

पावसाळ्याचं आणखी एक. जूनमध्ये हवा बदलली की तेच दाणे, तेच दळण असूनही शॉट रेंगाळायला लागतो. आमच्याकडे तेव्हा दळण थोडं जाडसर करावं लागतं आणि ऑक्टोबरात परत बारीक. त्या दिवसांत वापरलेली पूड बास्केटमध्ये तशीच ठेवू नका, दुसऱ्या दिवशी बुरशी दिसते. रबरी रिंगा पुसून कोरड्या ठेवायच्या. ग्राइंडरचे स्टीलचे बर पाण्याने कधीच धुवायचे नाहीत, खाऱ्या हवेत गंज धरायला वेळ लागत नाही. ब्रशने झाडायचे.

निळीखाडी:

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! ठरलं तर, हाताचा ग्राइंडर, काट्याचं लिव्हर, 0.1 ग्रॅमचा वजनकाटा, आणि नवऱ्यासाठी फ्रेंच प्रेस आहेच घरात. विहिरीचं पाणी मे महिन्यात किंचित मचूळ होतं, तेव्हा शेजारच्या वरच्या आळीतून पाणी आणीन. आता पहिलं पाकीट उघडल्यावर सुरुवात कुठून करू तेवढं सांगा.

रातांबा:

डोस 16 आणि कपात 32, हे दोन आकडे धरून ठेवायचे आणि फक्त दळण बदलायचं. पंधरा सेकंदांत भसकन खाली आलं आणि आंबट लागलं तर दोन क्लिक बारीक. दांडा दाबता दाबेना, थेंब थेंब पडतंय आणि कडू लागतंय, तर दोन क्लिक जाडसर. वेळ बरोबर असूनही आंबटच लागत असेल तर ब्रू हेड आणखी तापवा, किंवा कपात 36-38 पर्यंत येऊ द्या. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. पहिल्या पाकिटातले बरेच दाणे यातच जातील, म्हणून ते पाकीट महागातलं घेऊ नका. पहिले शॉट काढलेत की डोस, कपातलं वजन आणि सेकंद इथेच लिहा, पुढचं दळण आपण मिळून ठरवू.