इंजेराला जाळी पडत नाही आणि मिसिर वॉतची आमटी होते

शेवंती

इथिओपियन जेवण घरी जमवायचा प्रयत्न चालू आहे, तीन गोष्टी अडल्या आहेत.

१. इंजेरा, म्हणजे तिकडची आंबवलेल्या पिठाची जाळीदार पोळी. २५० ग्रॅम तपकिरी टेफचं (बारीक दाण्याचं इथिओपियन धान्य) पीठ, ४०० मिली पाणी आणि पाव चमचा इन्स्टंट यीस्ट कालवून रात्रभर ठेवते. सकाळी पीठ वर आलेलं असतं, आंबूस वासही येतो. तव्यावर मात्र काठाला चार-दोन भोकं, मधे गुळगुळीत आणि चिकट, खालची बाजू तडकलेली. तवा २८ सेंमीचा नॉनस्टिक, झाकण काचेचं. पीठ आंबोळीसारखं पळीने पसरवते. गाव पुणे, ओट्यापाशी २९-३० अंश.

२. मिसिर वॉत, म्हणजे मसुराचं तिखट कालवण. तेलात मोहरी-जिऱ्याची फोडणी, कांदा, टोमॅटो, बरबरे (तिकडचा मिरचीचा मसाला) आणि मसूर डाळ. चव सरळसरळ मसुराच्या आमटीची.

३. टेफ महाग पडतं. ज्वारी किंवा नाचणी मिसळली तर चालेल का?

आडवाट

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. तुमच्या कृतीत एक अख्खी पायरी राहिली आहे, ती म्हणजे अबसित. आंबलेल्या पिठातला थोडा भाग काढून, पाण्यात शिजवून, त्याची उकड परत पिठात घालायची. टेफमध्ये ग्लुटेन नाही, त्यामुळे आंबताना तयार होणारा वायू धरून ठेवायला पिठात काही नसतं. शिजलेला स्टार्च पिठाला दाटपणा देतो, त्यात बुडबुडे अडकून राहतात. शिवाय शिजलेला स्टार्च जंतूंना पटकन पचतो, म्हणून पीठ दुसऱ्यांदा जोमाने उसळतं. जाळी पडते ती या दुसऱ्या उसळीमुळे. रात्रभर फुगलेलं पीठ सकाळी थेट तव्यावर घातलं तर त्यातला बराचसा वायू आधीच निघून गेलेला असतो.

५०० ग्रॅम पिठाचं प्रमाण देतो. २८ सेंमीचे दहा-अकरा इंजेरे होतात.

पीठ बारीक चाळणीने चाळून घ्या. त्यात ८०० मिली पाणी थोडंथोडं घालत हाताने गुठळ्या मोडा. पाणी नळाचं असेल तर उकळून गार केलेलं घ्या, क्लोरीनमुळे आंबणं रेंगाळतं. आधीच्या घाण्याचं एर्शो असेल तर ८० मिली घाला. एर्शो म्हणजे आंबलेल्या पिठावर साचणारं पिवळसर पाणी, तेच विरजण. पहिल्या वेळी ते नसणारच, तेव्हा नुसतं पीठ आणि पाणी ठेवा. टेफच्या पिठात स्वतःचे यीस्ट आणि आंबट करणारे जीवाणू असतात, फक्त पहिल्या घाण्याला दिवस जास्त लागतात.

भांडं काचेचं किंवा स्टीलचं, निम्मं रिकामं राहील एवढं मोठं. झाकण सैल ठेवा आणि ढवळू नका. अदिस अबाबा समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५० मीटर उंचीवर आहे, हवा थंड, म्हणून तिकडे दोन-तीन दिवस लागतात. पुण्यात ३० अंशाला एर्शो घातलेलं पीठ २४ ते ३६ तासांत तयार होतं, विरजणाशिवाय ४८ ते ७२ तास. तयार झाल्याची खूण अशी: पीठ खाली बसतं, वर पिवळट पाणी येतं, वास आंबट पण स्वच्छ येतो. वर पांढरी पातळ साय आली तर ती काढून टाका, पीठ चांगलं असतं. हिरवा, काळा किंवा गुलाबी ठिपका, किंवा लव दिसली तर सगळं फेकून द्या, नुसता वरचा थर काढून भागत नाही.

वरचं पाणी हलकेच ओतून घ्या. साधारण १५० ते २०० मिली निघतं. त्यातलं ८० मिली पुढच्या वेळेसाठी ठेवा.

आता अबसित. खालच्या दाट पिठातलं १२० ग्रॅम पीठ काढून ३६० मिली पाण्यात कालवा आणि मध्यम आचेवर सतत ढवळत उकळा. दाट खिरीसारखं होऊन चमक आली आणि कच्चा वास गेला की बंद. कोमट होईपर्यंत थांबा, बोट सुखाने बुडवता आलं पाहिजे. गरमागरम ओतलंत तर यीस्ट मरेल आणि सगळी खटपट वाया जाईल. मग मूळ पिठात घालून नीट मिसळा. पीठ डोशाच्या पिठापेक्षा पातळ, ताज्या सायीच्या दुधासारखं धारेने पडणारं हवं. झाकून ठेवा. पुण्याच्या हवेत तास-दीड तासात ते वर चढतं आणि पृष्ठभागावर बुडबुडे येऊन फुटू लागतात. तव्याला लागायची वेळ हीच. खाली बसायला लागलं की उशीर झाला.

तव्याबद्दल. पळी फिरवू नका. पळीच्या बुडाने बुडबुडे दाबले जातात आणि तळाचा थर घासला जातो, तुमच्या मधल्या गुळगुळीत भागाचं एक कारण तेच आहे. तोटीच्या भांड्यातून १३० मिली पीठ काठापासून सुरुवात करून गोल फिरवत मध्यापर्यंत ओता. उरलेल्या फटी तवा किंचित कलता करून भरा. पंधरा-वीस सेकंदांत भोकं उघडू लागतात. सगळीकडे उघडली आणि पृष्ठभाग अजून ओलसर चमकतोय, तेवढ्यात झाकण. दीड ते दोन मिनिटं. काठ आपोआप सुटून वर येतो. उलटायचं नाही.

तव्यावर पाण्याचे थेंब नाचले की आच बरोबर आहे. धूर येण्याइतका तापला तर तळ लगेच घट्ट होतो, वाफेला वाट मिळत नाही आणि खालून तडकतं. थंड असेल तर वायू सावकाश निघून जातो आणि भोकं बुजतात. तेल लावायचं नाही, तेलावर पीठ घसरतं आणि जाळी विरळ होते. इथिओपियात मितादवर, म्हणजे मातीच्या मोठ्या तव्यावर, गोमेनझेर या मोहरीवर्गातल्या बियांची पूड घासतात. नॉनस्टिकला त्याची गरज नाही.

सिल्व्हरस्प्रिंगकर

वरच्या प्रतिसादाशी सहमत. काचेच्या झाकणाबद्दल मात्र सांगायला हवं, कारण मधला चिकटपणा बऱ्याचदा तिथूनच येतो. वाफ काचेवर गार होते, थेंब साचतात आणि टपटप इंजेराच्या मध्यावर पडतात. तिकडचं पारंपरिक झाकण, अकांबालो, शंकूच्या आकाराचं असतं, पाणी उतारावरून कडेला जातं. काचेच्या किंवा स्टीलच्या झाकणाला पंचा गुंडाळून वर गाठ मारा (टोकं खाली लोंबू देऊ नका) आणि दर दोन-तीन इंजेऱ्यांनी तो बदला.

उतरवल्यावर एकावर एक लगेच रचू नका. गरम इंजेरे एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना वरची जाळी फाटते. तिकडे गवताच्या विणलेल्या तबकावर, म्हणजे सेफेदवर, सरकवतात. घरी सुपावर किंवा कोरड्या पंचावर पसरून पूर्ण गार करा, मग रास करून कापडात गुंडाळा.

आणखी एक. वॉशिंग्टनच्या आसपास इथिओपियन वस्ती मोठी आहे, खाणावळीही पुष्कळ. तरी अमेरिकेतल्या कितीतरी खाणावळींत इंजेरा शुद्ध टेफचा नसतो, त्यात गव्हाचं किंवा बार्लीचं पीठ असतं. तो जास्त लवचीक आणि फिका लागतो. तुमच्या डोळ्यांसमोर तसा इंजेरा असेल तर शुद्ध टेफचा वेगळा दिसणार हे धरून चाला: रंग गडद, काठ नाजूक, आंबटपणा जास्त.

यीस्टबद्दल माझं मत थोडं मवाळ आहे. पहिल्या घाण्याला ५०० ग्रॅमला अगदी चिमूटभर घातलं तर बिघडत नाही. पाव चमचा मात्र खूपच होतो. बाजारचं यीस्ट रात्रीत पीठ फुगवतं आणि आंबटपणा तयार व्हायच्या आधीच दम टाकतं. खायचा सोडा नको. तो आम्ल मारतो, रंग काळपट होतो आणि साबणासारखी चव राहते.

दगडफूल

मिसिर वॉतबद्दल. तुमची कृती आमटीची आहे, म्हणून आमटी होते. फोडणी नाही, मोहरी नाही, टोमॅटो नाही, हळद नाही. हळद घातली की पदार्थ अलिचाकडे झुकतो, तो बरबरेशिवायचा सौम्य प्रकार आहे.

वॉतचा पाया कांदा आहे आणि तो आधी तेलाशिवाय शिजवतात. २५० ग्रॅम मसूर डाळीला ४०० ग्रॅम लाल कांदा. अगदी बारीक चिरा. मिक्सरला लावाल तर फक्त झटके द्या, पेस्ट केली तर कांद्याला कडवटपणा येतो. जाड बुडाच्या पातेल्यात कांदा एकटा, मंद आच. स्वतःच्या पाण्यात तो शिजतो. बुडाला धरायला लागला की एक-एक चमचा गरम पाणी. ३० ते ४० मिनिटं. त्याला तपकिरी करायचं नाही, विरघळवायचं आहे. वॉतला दाटपणा या कांद्यामुळे येतो, पीठ वगैरे लावत नाहीत. सुरुवातीलाच तेल घातलंत तर कांदा परतला जातो, फोडी वेगळ्या राहतात आणि रस्सा पाणचट होतो.

कांदा लगदा झाला की ८० मिली तेल आणि ३० ग्रॅम बरबरे. पाच-सहा चमचे गरम पाणी लगेच घाला, नाहीतर मिरची करपते. मंद आचेवर १५ मिनिटं, मधून मधून पाणी. तेल कडेला सुटून लाल दिसायला हवं. इथे घाई केली की मसाला कच्चा लागतो आणि मग कितीही उकळलं तरी तो कच्चेपणा जात नाही. आता २० ग्रॅम लसूण, १० ग्रॅम आलं ठेचून, आणखी पाच मिनिटं. मग धुतलेली डाळ, ९०० मिली गरम पाणी, मीठ. २५-३० मिनिटं उघड्यावर. कुकर नको. शेवटी वॉत इंजेरावर वाढल्यावर ओघळता कामा नये, इतपत दाट.

बरबरे घरी करायचं तर: बिया काढलेली ब्याडगी ५० ग्रॅम, गुंटूर १० ग्रॅम, धणे २ चमचे, मेथी १ चमचा, काळी मिरी १ चमचा, कलौंजी १ चमचा, ओवा अर्धा चमचा, लवंगा ५, सुंठ १ चमचा. मिरच्या नुसत्या गरम करा, काळ्या होऊ देऊ नका. मेथी वेगळी भाजा, ती जळली की सगळा मसाला कडू. खरा सुगंध कोरेरिमाचा, ती वेलदोड्याच्या कुळातली तिकडची बी. नसेल तर हिरव्या वेलदोड्याचे दाणे पाऊण चमचा आणि चिमूटभर जायफळ. मसाला वेलदोडा नको, त्याचा धुरकट वास वॉतला परका आहे. आपल्या गोडा मसाल्यातलं खोबरं, तीळ, दगडफूल यातलं काहीही नाही (माझ्या नावावर जाऊ नका).

तेलाऐवजी नितेर किब्बेही वापरतात, म्हणजे मसाले घालून कढवलेलं लोणी. ५०० ग्रॅम बिनमिठाचं लोणी, अर्धा कांदा, लसूण ४ पाकळ्या, आल्याचा तुकडा, मेथी अर्धा चमचा, हळद पाव चमचा, कोरेरिमा. अगदी मंद आचेवर ४५ मिनिटं आणि मग गाळा. आपल्या कढवलेल्या तुपात बेरी बदामी होऊ देतात, इथे ती पांढरीच राहिली पाहिजे. तिकडे बेसोबेला आणि कोसेरेत ही पानंही घालतात. बेसोबेला तुळशीच्या कुळातली, म्हणून वाळलेली तुळशीची चार पानं चालतील. कोसेरेतच्या जागी चिमूटभर ऑरेगॅनो. पण मिसिर वॉतला तेलच योग्य. इथिओपियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी, शुक्रवारी आणि ईस्टरआधीच्या ५५ दिवसांच्या उपासात मांस, अंडी, दूधदुभतं खात नाहीत. मिसिर वॉत हा त्या ताटातला पदार्थ आहे.

मिरवेल

ज्वारी-नाचणीला भेसळ समजू नका. इथिओपियाच्या पूर्वेकडे हरारगे भागात ज्वारीचा इंजेरा रोजचा आहे, आणि नाचणी टेफमध्ये मिसळून करायची पद्धत वायव्येकडे आहे. नाचणी मुळात पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातलीच.

सुरुवात निम्मं टेफ, निम्मी ज्वारी अशी करा. भाकरीच्या ज्वारीचं पीठ थोडं रवाळ असतं, ते मैद्याच्या चाळणीने दोनदा चाळा, रवा तळाशी बसतो आणि तव्यावर ठिपके दिसतात. ज्वारी असेल तेव्हा अबसितला १२० ऐवजी २०० ग्रॅम पीठ आणि ६०० मिली पाणी घ्या, आणि त्या हिशेबाने पहिल्या दिवशीचं पाणी २०० मिलीने कमी करा. ज्वारीचा इंजेरा गार झाल्यावर लवकर ताठर होतो, गुंडाळताना चिरतो, तेव्हा त्याच दिवशी संपवा. टेफचा दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. नाचणी चतुर्थांशाच्या वर नेऊ नका, चिकटपणा वाढतो.

अख्खं टेफ स्वस्त मिळालं तरी घरघंटीत दळायच्या फंदात पडू नका. दाणा एक मिलिमीटरच्या आसपास, जाळीतून सबंध निसटतो. गिरणीवाला दगड जवळ आणून दळून देत असेल तरच.

शेवंती

अबसित घालून केला. जाळी काठापासून मधोमध, पंचा बांधल्यावर चिकटपणाही गेला. आता चव किंचित कडसर येते. आणि राखलेलं एर्शो किती टिकतं?

आडवाट

कडसरपणाची दोन कारणं. वरचं पाणी पूर्ण न ओतता परत ढवळलं गेलं असेल, किंवा पीठ जुनं असेल. टेफ सालासकट दळलेलं असतं, त्यातलं तेल उन्हाळ्यात खवट होतं. कोरडं पीठ चिमूटभर जिभेवर ठेवून पाहा. तिथेच कडू लागलं तर पिशवी बदला आणि नवीन पीठ फ्रिजमध्ये ठेवा. पीठ चांगलं असेल तर आंबवायचा वेळ सहा तासांनी कमी करा आणि अबसितच्या आधी पिवळं पाणी सगळं काढा, दाट पीठ दिसेपर्यंत.

एर्शो काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये, झाकण सैल. आठवडाभर जोर टिकतो. त्यापेक्षा जास्त दिवस इंजेरा करायचा नसेल तर त्यात दोन चमचे टेफचं पीठ घालून रात्रभर बाहेर ठेवा, बुडबुडे आले की परत फ्रिजमध्ये. वापरायच्या आधी दोन तास बाहेर काढून ठेवा, गारढोण एर्शोने पीठ अर्धा दिवस नुसतं बसून राहतं.