मखमलीची आयडिया आणि एस्थर लेडरबर्ग

कुणीतरी म्हटलंय की जंतूंच्या जेनेटिक्ससाठी जोशुआ लेडरबर्गला १९५८ चं नोबेल मिळालं त्यात त्याच्या बायकोचा, एस्थरचा, काय संबंध. अहो, एस्थर लेडरबर्ग स्वतः पक्की जेनेटिसिस्ट (जनुकांचा अभ्यास करणारी) होती, लॅम्डा फेज (जंतूंना लागण करणारा विषाणू) तिनेच शोधला, ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूच्या, लॅबमधल्या नेहमीच्या के-१२ स्ट्रेनमध्ये (वाणात) तो गुपचूप बसलेला होता आणि कुणाला पत्ताच नव्हता. एफ फॅक्टर, म्हणजे ज्याच्यामुळे एक जंतू दुसऱ्याला जनुकं देऊ शकतो तो डीएनएचा तुकडा, त्याच्या कामातही ती होती.

आणि ते रेप्लिका प्लेटिंग (एका प्लेटवरच्या जंतूंची दुसरीवर नक्कल काढणं), १९५२ चं, दोघा नवरा-बायकोच्या नावावर आहे. गोल ठोकळ्यावर निर्जंतुक केलेली मखमल ताणून बसवायची, कॉलनीवाली प्लेट (जिच्यावर जंतूंचे ठिपके वाढलेत ती बशी) त्यावर हलकेच दाबायची, मग त्याच मखमलीवर नवीन प्लेट दाबायची, रांगोळीचा छाप मारतात ना तसंच, सगळ्या कॉलनी जागच्या जागी उमटतात. (आम्ही प्रॅक्टिकलला मखमल ढिली ठेवली होती, सगळं फरफटलं, सरांनी काय ते ऐकवलं.) आता नव्या प्लेटमध्ये स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक घातलं तर जे वाचतात त्यांची जागा मूळ प्लेटवर बघायची, जिथे औषधाचा थेंबही नव्हता, आणि तिथलेच जंतू घेतले तर ते आधीपासूनच रेझिस्टंट (औषधाला दाद न देणारे) निघतात. म्हणजे औषधामुळे म्युटेशन (जनुकात बदल) झालं हा समजच बाद, औषध फक्त निवड करतं.

नोबेल मात्र बीडल, टेटम हे दोन शास्त्रज्ञ आणि जोशुआ यांनाच, एस्थरला नाही. ती पुढे स्टॅनफर्डला प्लाझ्मिड (जंतूंमधले डीएनएचे छोटे सुटे तुकडे) रेफरन्स सेंटर सांभाळत होती. मला तरी हे खटकतं बुवा.