मदत हवी आहे: स्टँडअप कॉमेडीच्या पडद्यामागे पूर्णवेळ काम

नमस्कार मंडळी. मी दोन वर्षं पुण्यात ओपन माइकचं, म्हणजे कुणालाही नाव देऊन स्टेजवर थोडा वेळ मिळतो त्या शोचं, पडद्यामागचं काम करतेय. कलाकारांचा क्रम लावते, दारावर तिकिटं बघते, वेळ संपत आली की मागून दिवा दाखवते. स्टेजवर जायचं नाही, मला हेच काम मनापासून आवडतं. पण एका आयोजकाने तीन शोचे पैसे बुडवले, तेव्हापासून एकाच कामावर विसंबायची भीती वाटते. ध्वनी-प्रकाश, दौऱ्याचं नियोजन की व्हिडिओ एडिटिंग, आधी काय शिकू? नाट्यगृहाच्या तारखा, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (प्रयोगाआधी संहिता तपासणारं सरकारी मंडळ) प्रमाणपत्र, पोलीस परवानगी ही कामं नाटकाच्या व्यवस्थापकाच्या हाताखाली शिकायला मिळतील का? आणि मानधन आधी लेखी कसं ठरवून घेता? मुंबईला राहायला येणं सध्या शक्य नाही.