गोळीच्या छिद्रावरून नेमके काय आणि किती सांगता येते?

जिज्ञासू_वाचक

एका खुनाच्या खटल्याचा निकाल वाचत असताना तज्ज्ञ साक्षीदाराच्या उलटतपासणीपाशी अडलो, म्हणून हा धागा काढत आहे. मोटारीच्या समोरच्या काचेत एक छिद्र आणि मागच्या दाराच्या पत्र्यात दुसरे, एवढाच भौतिक पुरावा हाती होता. गोळी सापडली नव्हती आणि शस्त्रही मिळाले नव्हते. गोळी कोणत्या बाजूने आली आणि साधारण कोणत्या कोनातून आली हे तज्ज्ञाने ठामपणे सांगितले, मात्र ती किती अंतरावरून झाडली आणि शस्त्राचे कॅलिबर (म्हणजे नळीच्या पोकळीचे माप) कोणते, या दोन्ही प्रश्नांना 'निश्चित सांगता येणार नाही' असे उत्तर दिले. बचाव पक्षाच्या वकिलांनी याच उत्तरावर बोट ठेवून संपूर्ण अहवाल मोघम असल्याचा युक्तिवाद केला. छिद्र एकच असताना त्यातील काही गोष्टी खात्रीने आणि काही अजिबात सांगता येऊ नयेत, हे कसे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

शिसेपारखी

त्या तज्ज्ञाचे उत्तर मला मोघम वाटत नाही, उलट काटेकोर वाटते.

पत्र्यापासून सुरुवात करतो. गोळी पत्र्यातून जाताना कडा आपल्या प्रवासाच्या दिशेने वाकवते, त्यामुळे ज्या बाजूने ती शिरली तिकडे कड आत दबलेली आणि पलीकडे ओठासारखी उलटलेली दिसते. दिशेबद्दल वाद उरत नाही तो यामुळे. कोनाचे गणितही सरळ आहे. गोळी पृष्ठभागाला काटकोनात लागली तर छिद्र गोल पडते आणि तिरकी लागली तर लंबगोल. त्या लंबगोलाच्या रुंदीला लांबीने भागले की आघातकोनाची साइन मिळते. म्हणजे रुंदी ९ मिमी आणि लांबी १८ मिमी भरली, तर भागाकार ०.५ येतो आणि कोन ३० अंश ठरतो. मात्र हा कोन पत्र्याच्या पृष्ठभागाशी केलेला असतो, जमिनीशी नव्हे, त्यामुळे दार किती उघडे होते, गाडी उतारावर होती का, चाकात हवा किती होती, याच्या नोंदी नसतील तर हाती आलेला आकडा लंगडा ठरतो.

त्याहून भरवशाची पद्धत म्हणजे गोळीच्या वाटेवरचे दोन बिंदू शोधणे. मोटारीच्या दाराला बाहेरचा पत्रा आणि आतले अस्तर असे दोन थर असतात, आणि गोळी दोन्हींतून गेली असेल तर दोन छिद्रांतून सळई ओवून तिचा मार्ग दाखवता येतो व दोरी किंवा लेझरच्या साहाय्याने तो मागे वाढवता येतो. तरीही ५ अंशांची चूक गृहीत धरणे शहाणपणाचे असते. ५ अंश म्हणजे किरकोळ वाटेल, पण १० मीटर मागे गेल्यावर तेवढ्यानेच प्रत्येक बाजूला सुमारे ८७ सेंमीचा फरक पडतो. म्हणून अहवालात एक रेषा नव्हे, तर मागे रुंदावत जाणारा शंकू दाखवला पाहिजे. नकाशावर एकच लाल रेषा ओढून 'आरोपी इथेच उभा होता' असे सांगणारा अहवाल दिसला की मला आधी त्याचीच शंका येते.

काचबिंदू

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण या प्रकरणात गोळी आधी काचेतून गेली आहे, हा मुद्दा सुटू नये. समोरची काच बहुतेक वेळा दोन थरांची असते आणि मध्ये प्लॅस्टिकचा पडदा असतो, म्हणून ती तडकली तरी जागेवर राहते. बाजूची काच कडक केलेली असेल तर तिचे बारीक दाणे होऊन खाली पडतात आणि तपासायला छिद्रच उरत नाही. काचेतील छिद्र शिरण्याच्या बाजूला लहान आणि बाहेर पडण्याच्या बाजूला खळग्यासारखे पसरट असते. बोटाच्या टोकानेही तो फरक कळतो, अर्थात हातमोजा घालून.

तड्यांवरून आणखी एक गोष्ट कळते. छिद्रापासून निघणारे तडे किरणांसारखे पसरतात आणि आधीच पडलेल्या तड्यापाशी येऊन थांबतात, त्यामुळे एकाच काचेत दोन गोळ्या लागल्या असतील तर आधीची कोणती आणि नंतरची कोणती हे सांगता येते. आधी गोळी कोणी झाडली, हाच जिथे कळीचा प्रश्न असतो, तिथे हे चार तडे दहा साक्षीदारांना भारी पडतात.

मात्र तिरक्या काचेतून जाताना गोळीची दिशा बदलते, तिचे आवरण फाटू शकते आणि ती कलंडूही शकते. म्हणून काचेतले छिद्र आणि मागच्या दारातले छिद्र सरळ रेषेने जोडून ती रेषा तशीच गाडीबाहेर वाढवणे धोक्याचे आहे.

जिज्ञासू_वाचक

आभारी आहे. पण अंतर आणि कॅलिबर का सांगता येत नाही, ते अजून स्पष्ट झालेले नाही. छिद्र मोजले की गोळीचा व्यास कळायला नको का?

शिसेपारखी

कळायला नको. कापड आणि रबर ताणले जाऊन पुन्हा आखडते, लाकडाचे तंतू मागे सरकतात, त्यामुळे छिद्र गोळीपेक्षा लहान भरू शकते; कलंडलेल्या गोळीचे छिद्र मोठे पडते. शिवाय ९ मिमी पिस्तुलाच्या गोळीचा व्यास सुमारे ९.०१ मिमी आणि पॉइंट ३८ स्पेशल रिव्हॉल्व्हरच्या गोळीचा सुमारे ९.०७ मिमी असतो. वाकलेल्या पत्र्यावर हा ०.०६ मिमीचा फरक कोण मोजणार? फार तर 'अमुक मापाच्या आसपासची गोळी' एवढेच म्हणता येते.

अंतर ठरते ते छिद्राच्या आकारावरून नव्हे, तर त्याच्याभोवती काय साचले आहे त्यावरून. हातातल्या शस्त्रातून निघालेली काजळी साधारण ३० सेंमीपर्यंत आणि दारूचे न जळलेले कण साधारण मीटरभरापर्यंत पोहोचतात. शस्त्र आणि काडतूस बदलले की हे आकडेही बदलतात, म्हणून त्याच शस्त्रातून तशाच काडतुसांनी वेगवेगळ्या अंतरांवर चाचणी घेऊन नमुने ताडून पाहावे लागतात. शस्त्रच मिळाले नसेल तर ताडणार कशाशी? आणि त्या पल्ल्यापलीकडे ३ मीटरवरून झाडलेली गोळी व ३० मीटरवरून झाडलेली गोळी यांची छिद्रे सारखीच दिसतात. छिद्राच्या कडेला उमटणारे काळपट कडे पाहून अनेक जण फसतात. ती काजळी नव्हे, गोळीच्या अंगावरची घाण तिथे पुसली गेलेली असते आणि ती कितीही अंतरावरून उमटते. ते छिद्र गोळीचेच आहे हे मात्र तिच्यावरून सिद्ध होऊ शकते: सोडियम ऱ्होडिझोनेट या चाचणी-रसायनाने शिसे गुलाबी रंग देते आणि त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल फवारले की निळसर जांभळे होते.

शवागार_टिपणे

गाडीत कोणी बसलेले होते का, याचा उल्लेख प्रश्नात नाही. असल्यास जखमेचीही गाठ काचेशी पडते. काचेतून आलेल्या गोळीची प्रवेश-जखम बरेचदा वेडीवाकडी असते आणि भोवती काचेच्या बारीक तुकड्यांनी पडलेले ठिपके असतात. दारूच्या कणांमुळे पडणाऱ्या गोंदणासारख्या ठिपक्यांशी त्यांचे इतके साम्य असते की घाईत 'जवळून झाडलेली गोळी' असा शेरा मारला जाऊ शकतो. भिंगाखाली त्यात काचेचे कण दिसले तर तो निष्कर्ष तिथेच तपासून घ्यावा.

शिसेपारखी

उत्तम मुद्दा. जाता जाता प्रश्नकर्त्यांसाठी एक सूचना: त्या उलटतपासणीत कामाचा क्रम विचारला गेला होता का, ते पाहावे. आधी मोजपट्टी ठेवून छायाचित्रे, मग कडेवरचे रासायनिक नमुने आणि त्यानंतरच छिद्रात सळई, असा क्रम हवा. सळई आधी घातली तर कडेवरचे शिसे खरवडले जाते, आणि मग नमुन्यात शिसे आढळले नाही, या विधानाला काही अर्थ उरत नाही.