गाय सकाळी माजावर आली, तर रेतन सायंकाळपर्यंत का थांबवायचे?

प्रश्न – इंदूरकर
महूच्या बाजूला आमच्या चार गाई आहेत. गाय सकाळी माजावर दिसली तर कृत्रिम रेतन सायंकाळी करावे, असा आमच्या पशुवैद्यांचा आग्रह असतो. बीजांड उशिरा सुटते हे मला समजते. पण शुक्राणू आधीच पोहोचून वाट पाहत राहिले, तर बिघडते काय? त्यातच, बाहेर पडलेला शुक्राणू पोहू शकतो पण फलन करू शकत नाही, असे मुलीच्या बी.एस्सी.च्या पुस्तकात वाचले. या दोन गोष्टींचा काही संबंध आहे का?

उत्तर – जुना विद्यार्थी
शुक्राणू वृषणातून निघतानाच पूर्ण तयार असतो, असे आम्ही शिकलो होतो.

उत्तर – प्राणिशास्त्राची शिक्षिका
तसे नाही. पोहण्याची शक्तीसुद्धा त्याला पुढे अधिवृषणात (वृषणाला लागून असलेल्या गुंडाळलेल्या नळीत) येते, आणि फलनाची क्षमता तर मादीच्या जननमार्गात काही तास काढल्यावरच मिळते. १९५१ मध्ये अमेरिकेत चँग यांनी सशांवर आणि ऑस्ट्रेलियात ऑस्टिन यांनी उंदरांवर काम करताना हे स्वतंत्रपणे दाखवले. मादीच्या जननमार्गातल्या या तयारीला कपॅसिटेशन हे नाव ऑस्टिन यांनी पुढच्या वर्षी दिले.

या काळात शुक्राणूच्या पटलातले (बाहेरच्या पातळ आवरणातले) कोलेस्टेरॉल अल्ब्युमिन हे प्रथिन काढून घेते, त्यामुळे पटल सैल होते. बायकार्बोनेटमुळे आत सायक्लिक एएमपी हा संदेश पोहोचवणारा रेणू वाढतो आणि अनेक प्रथिनांना फॉस्फेट जोडले जातात. शेपटीच्या पटलातल्या सूक्ष्म वाटांमधून कॅल्शियम आत आले की शेपटी चाबकासारखी जोरात फटके मारू लागते. त्यानंतरच डोक्यावरची ॲक्रोसोमची पिशवी योग्य ठिकाणी फुटते आणि बीजांडाभोवतीचे आवरण भेदता येते. मात्र ही तयारी टिकाऊ नसते, म्हणून सगळे शुक्राणू एकदम तयार न होता टप्प्याटप्प्याने होतात. (निसर्गाने इथे चांगलीच काटकसर केली आहे.)

उत्तर – इंदूरकर
मग परीक्षानळीत फलन कसे होते? तिथे तर गर्भाशय नसते.

उत्तर – प्राणिशास्त्राची शिक्षिका
तिथे द्रवातच अल्ब्युमिन, बायकार्बोनेट आणि कॅल्शियम घालतात. वळूच्या शुक्राणूंसाठी हेपरिन (रक्त गोठू न देणारा पदार्थ) हेही वापरतात. सुईने शुक्राणू थेट बीजांडात सोडला, तर या तयारीची गरजच उरत नाही.

उत्तर – निवृत्त पशुवैद्य
आता मूळ प्रश्नाकडे येतो. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमधली रेतमात्रा (गोठवलेल्या वीर्याचा एक डोस) वितळवली की गोठण्याच्या धक्क्यामुळेच बऱ्याच शुक्राणूंच्या पटलात कपॅसिटेशनसारखे बदल आधीच झालेले असतात. त्यामुळे ते ताज्या वीर्यातल्या शुक्राणूंइतके दीर्घकाळ जगत नाहीत, आणि माज सुरू झाल्यावर बीजांड सुटायला साधारण २४ ते ३० तास लागतात. रेतन फार लवकर झाले तर बीजांड येईपर्यंत शुक्राणू संपलेले असतात, आणि फार उशिरा झाले तर बीजांडच जुने होते. म्हणून सकाळच्या माजाला सायंकाळची मधली वेळ धरतात. माज सुरू झाल्याची नोंद करताना वहीत मात्र नुसती हंबरण्याची वेळ लिहू नका. दुसरी गाय अंगावर चढली असता आपली गाय स्थिर उभी राहिली, ती वेळ लिहा.