मागे गेलं की पान पांढरं: ब्राउझरच्या जाणकारांची मदत हवी आहे

देवघेव

नमस्कार मंडळी,

आमचं तालुक्याच्या गावातलं 'ब' वर्ग वाचनालय आहे आणि मी देवघेव विभागात बसते. पुस्तकांची यादी दिवाळीपासून नव्या वेबसाइटवर आली आहे. सभासद आला की लेखकाच्या नावाने शोधायचं, यादी येते, पुस्तकावर क्लिक केलं की दाखल क्रमांक, कपाट, पुस्तक आत आहे की बाहेर, सगळं दिसतं. इथवर झकास. पण "हे नको, त्यांचंच दुसरं बघा ना" असं समोरच्याने म्हटलं की मी ब्राउझरचा मागे जायचा बाण दाबते आणि समोर येतं पांढरंफटक पान.

वरचा पत्ता बरोबर असतो. टॅबवर नावही यादीचंच. एफ-५ दाबलं की यादी येते, पण 'आणखी दाखवा' दाबत दाबत जिथवर पोचलेली असते ते सगळं जातं आणि परत पहिल्यापासून सुरुवात. समोर रांग असताना हे फार जिवावर येतं.

विंडोज १०, क्रोम अद्ययावत. फायरफॉक्सवर पाहिलं, तिथेही तेच. कॅशे आणि कुकीज साफ केल्या, एक्स्टेन्शनं बंद केली, इन्कॉग्निटोमध्ये उघडून पाहिलं. ढिम्म फरक नाही. साइट करून देणारा मुलगा म्हणतो, माझ्याकडे नीट चालतंय, तुमचा संगणक जुना झालाय. आता समितीत नवा संगणक घ्यायच्या गोष्टी सुरू झाल्यात, म्हणून जरा घाईने विचारतेय. तेवढ्या पैशात बालविभागाला पुस्तकं येतील.

एक विचित्र गोष्ट सांगून ठेवते. पुस्तकाचं पान तसंच उघडं ठेवून मी डबा खाऊन आले आणि मग मागे गेले, तर यादी व्यवस्थित दिसते!

उकडीचा

संगणकालाही डबा द्या, यादी देईल. (हलकेच घ्या.)

घाटवाट

ग्राफिक्सचं लफडं वाटतंय. जुन्या मशीनवर पान आलेलं असतं, पण पडद्यावर रंगवलं जात नाही. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टम' म्हणून भाग आहे, तिथे ग्राफिक्स ॲक्सिलरेशनचा खटका बंद करा आणि ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. त्याआधी एक सोपी परीक्षा: पान पांढरं असताना खिडकी लहानमोठी करून बघा, किंवा खाली टाकून परत वर आणा. रंगवण्याचाच घोळ असेल तर अशा हलवाहलवीने पान बरेचदा दिसायला लागतं. आणि हे बाकीच्या साइटवर होतं का?

देवघेव

घाटवाट, आभार. खटका बंद करून पाहिला, खिडकी ओढूनताणूनही पाहिली. पांढरं ते पांढरंच. बाकी कुठेच होत नाही. वर्तमानपत्रं, मेल, सगळीकडे मागे-पुढे नीट जाता येतं.

पण खिडकी ओढताना एक लक्षात आलं. त्या पांढऱ्या पानावर माउस फिरवला की मध्येमध्ये बाणाचा हात होतो, आणि खाली डाव्या कोपऱ्यात पुस्तकाच्या पानाचा पत्ता उमटतो. अंदाजाने क्लिक केलं तर खरंच एक पुस्तक उघडलं. म्हणजे यादी तिथे आहे, फक्त मला दिसत नाही?

तळटीप

देवघेवताई, अगदी तसंच आहे. नवा संगणक थांबवा. एकच प्रश्न विचारतो: पुस्तकाच्या नावावर क्लिक केल्यावर यादी पटकन जाते की विरत विरत जाते?

देवघेव

विरत जाते! आणि पुस्तकाचं पान हळूच उमटतं. साइट दाखवली तेव्हा समितीला तेच सगळ्यात जास्त आवडलं होतं.

तळटीप

मग सापडलं. जरा सविस्तर लिहितो, कारण असले प्रश्न इथे वरचेवर येतात आणि प्रत्येक वेळी कॅशे साफ करायचा सल्ला मिळतो.

तुम्ही एका पानावरून दुसऱ्यावर गेलात की ब्राउझर आधीचं पान लगेच फेकून देत नाही. ते आहे त्या स्थितीत, आतल्या स्क्रिप्टसकट, गोठवून मेमरीत ठेवतो. मागे गेलात की तेच पान पुन्हा जिवंत करून समोर ठेवतो, म्हणून मागे जाणं इतकं झटपट होतं. याला बॅक-फॉरवर्ड कॅशे म्हणतात, बोलीभाषेत बीएफकॅशे. फायरफॉक्समध्ये हे २००५ पासून, १.५ आवृत्तीपासून आहे. क्रोमने डेस्कटॉपवर २०२१ मध्ये ९६व्या आवृत्तीत आणलं. आपण सेटिंग्जमधून साफ करतो ती साठवण वेगळी. तिच्यात फाइली आणि चित्रं असतात. ती कितीही घासूनपुसून काढलीत तरी या दुखण्याला उतार पडायचा नाही.

आता तुमच्या साइटवर काय होतं ते बघा. क्लिक केलं की स्क्रिप्ट यादीचं पान हळूहळू पारदर्शक करते आणि पूर्ण अदृश्य झालं की पुढच्या पानावर नेते. ब्राउझर यादी गोठवतो ती नेमकी त्या क्षणी, म्हणजे अदृश्य अवस्थेत. मागे आलात की तो इमानेइतबारे तीच अवस्था परत देतो. पान आहे, दुवे आहेत, क्लिकही लागतो, फक्त पारदर्शकता शून्यावर. यादी पुन्हा उमटवणारी स्क्रिप्ट पान 'लोड' झाल्यावर चालते, आणि गोठवलेलं पान परत येतं तेव्हा 'लोड' ही घटना घडतच नाही. एफ-५ दाबलं की पान नव्याने येतं, स्क्रिप्ट चालते, यादी दिसते.

तुमच्या डब्याची गंमतही यातच आहे. गोठवलेलं पान ब्राउझर कायम सांभाळत नाही, ठरावीक वेळाने किंवा मेमरी कमी पडली की टाकून देतो. तुम्ही जेवून येईपर्यंत ते गेलेलं असतं, मग मागे गेल्यावर यादी सर्व्हरवरून ताजी येते.

त्या मुलाला हे सांगा: विरण्यासाठी बॉडीला लावलेला क्लास 'पेजशो' या घटनेत काढून टाक. ही घटना पान पहिल्यांदा उघडताना घडते तशी गोठवणीतून परत आल्यावरही घडते. परत आलेलं असेल तेव्हा तिच्यातल्या 'पर्सिस्टेड'ची किंमत 'ट्रू' असते. दोन-तीन ओळींचं काम आहे. त्याला स्वतः खात्री करायची असेल तर क्रोममध्ये एफ-१२, ॲप्लिकेशन, डावीकडे बॅक-फॉरवर्ड कॅशे, तिथे चाचणीचं बटण आहे.

माझं विचाराल तर विरणं काढूनच टाकावं. यादी विरायची वाट बघायला देवघेवीच्या टेबलावर कुणाला वेळ आहे?

पाटीपेन्सिल

त्यापेक्षा सोपं सांगतो. पानात एक रिकामा 'अनलोड' हँडलर (पान सोडताना चालणारा कोडचा तुकडा) टाकायचा, ब्राउझर ते पान गोठवतच नाही. आम्ही पूर्वी सर्रास करायचो.

तळटीप

पाटीपेन्सिल, नका हो. डेस्कटॉपवर चालून जाईल, पण मोबाइलवर ब्राउझर तो हँडलर बघूनही पान गोठवू शकतात, मग सभासद फोनवरून यादी बघतील तेव्हा पुन्हा पांढरं. शिवाय 'अनलोड' हद्दपार करायचं काम क्रोमवाल्यांनी हाती घेतलंय. आणि दुखतंय नख, त्यासाठी बोट कशाला कापायचं? 'आणखी दाखवा' करत पोचलेली जागा ताईंना परत मिळेल ती या गोठवणीमुळेच.

घाटवाट

+१. ग्राफिक्सवरचा संशय मी मागे घेतो. ताई, तो खटका परत चालू करून टाका, नाहीतर व्हिडिओ अडखळतील.

उंबरठा

माझ्या फोनवर बँकेच्या ॲपमध्ये मागे गेलं की पांढरं येतं, तेही हेच का?

तळटीप

बहुतेक नाही. ॲपच्या आत उघडणारी पानं हा वेगळाच कारभार असतो. फोन आणि अँड्रॉइडची आवृत्ती लिहून नवा धागा काढा, इथे सरमिसळ नको.

तुमची साइट दुरुस्त होईपर्यंत, देवघेवताई, कंट्रोल दाबून पुस्तकावर क्लिक करा, किंवा माउसचं मधलं चाक दाबा. पुस्तक नव्या टॅबमध्ये उघडेल, यादी जागेवर राहील.

देवघेव

मंडळी, झालं! तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा त्या मुलाला पाठवला. तो म्हणे प्रत्येक पुस्तक नव्या टॅबमध्येच उघडून तपासत होता, म्हणून त्याला कधी दिसलंच नाही. संध्याकाळी त्याने दुरुस्ती चढवली. आता मागे गेलं की यादी जिथे सोडली तिथेच उभी असते, क्रोमवर आणि फायरफॉक्सवरही. संगणकाचा विषय समितीच्या बैठकीतून काढला.

पण आता दुसरंच दिसलं. पुस्तक सभासदाच्या नावावर चढवलं आणि मागे आले, तर यादीत ते अजून 'उपलब्ध'च. आज तेच पुस्तक दुसऱ्या बाईंना देते म्हणून बसले होते, कपाटात नाही म्हणून कळलं. हेही त्यातलंच का?

तळटीप

त्यातलंच. गोठवलेली यादी तुम्ही पुस्तक देण्याआधीची आहे, तिला मधलं काही माहीत नाही. पांढरं पान होतं तोवर तुम्ही एफ-५ मारत होतात, म्हणून हे झाकलेलं राहिलं.

'पेजशो'मध्येच अजून थोडं काम आहे. पान गोठवणीतून परत आलं असेल तर यादीतल्या पुस्तकांची फक्त 'आत की बाहेर' ही स्थिती सर्व्हरकडून नव्याने मागवायची, बाकी यादीला हात लावायचा नाही. अख्खं पान रीलोड करायची पळवाट त्याने काढली तर 'आणखी दाखवा'चं दुखणं परत येईल, हे त्याला आधीच बजावून ठेवा. आणि सभासदाच्या खात्याची पानं, म्हणजे नाव, फोन, थकलेली वर्गणी वगैरे, तुम्ही लॉगआउट केल्यावर मागच्या बाणाने उघडतात का तेही एकदा तपासा. टेबलावरचा संगणक चारजण वापरतात. उघडत असतील तर त्या पानांच्या हेडरमध्ये त्याला 'नो-स्टोअर', म्हणजे पान साठवू नको अशी ब्राउझरला सूचना, लावायला सांगा, आणि तिथे 'पेजशो'मध्ये लॉगिन शिल्लक आहे का ते बघून, नसेल तर पान सरळ रीलोड करू दे.

देवघेव

तपासलं. उघडतात. लगेच फोन लावते त्याला.