मदत हवी आहे : मेंदूत लोह साठलंय, जेवणातलं लोह बंद करू का?

तासगावची_आई
लवकर सांगा कुणीतरी. एमआरआयमध्ये मेंदूत लोह साठलेलं दिसलंय. सासूबाईंनी कालच लोखंडी तवा माळ्यावर टाकला. पालक, गूळ, खजूर सगळं बंद करू? डॉक्टर सोमवारी भेटणार, तोवर काय खायला घालू?

कृष्णाकाठ
कुणाला झालंय? वय?

थॅलेसेमिया_बाबा
माझ्या मुलीला रक्त चढवून चढवून लोह साठतं. डेफेरिप्रोन या लोह काढणाऱ्या गोळीनं फेरिटिन, म्हणजे रक्तातला लोहसाठ्याचा आकडा, खाली आलं. तेच सुरू करा ताई, वेळ घालवू नका.

मिरज_लॅब
दादा, गोळीचं नाव सांगून मोकळं होऊ नका. तिनं पांढऱ्या पेशी एकदम उतरू शकतात, तुम्हाला ठाऊक आहे. ताई, फेरिटिन आणि सेरुलोप्लाझ्मिन (तांब्यासाठीची रक्ततपासणी) केलंय?

विटेकर
म्हणजे विल्सनच, तांबं साठण्याचा आजार. माझ्या भाच्याला तोच निघाला. तांब्याच्या भांड्यातलं पाणी आधी बंद करा.

तासगावची_आई
तांबं नाही हो, लोह! मुलगा ९ वर्षांचा. दोन वर्षं झाली, टाच टेकत नाही, चपलेचं पुढचं टोकच झिजतं. आता 'पाणी' म्हणतानाही जीभ अडते. दिवेलागणीनंतर उंबऱ्याला ठेचकाळतो. दोन्ही रिपोर्ट नॉर्मल. फोटोत वाघाच्या डोळ्यासारखं दिसतंय म्हणाले.

मिरज_लॅब
हे आधीच सांगायचं ना! वाघाचा डोळा म्हटलं की पहिला संशय पीकेएएनचा, म्हणजे मेंदूत लोह साठण्याच्या एका जनुकीय आजाराचा. पँक-२ नावाचं जनुक बिघडलेलं असतं. बी-५ जीवनसत्त्वापासून कोएन्झाइम-ए हे पेशींना ऊर्जेसाठी लागणारं द्रव्य बनतं, त्यातली पहिलीच पायरी अडते. लोह पोटातून जास्त आलेलं नाही, म्हणून तर फेरिटिन नॉर्मल. वाढत्या पोराचा पालक तोडू नका. डोळ्यांचा पडदा मात्र तपासून घ्या, या आजारात तोही बिघडतो. नात्यातलं लग्न आहे का?

विटेकर
बी-५ च कमी पडतंय तर त्याच्या गोळ्या द्या की! ऑनलाइन मिळतात.

मिरज_लॅब
कमी पडत नाही, वापरता येत नाही. गोळ्यांनी गुण येतो असं सिद्ध झालेलं नाही. डेफेरिप्रोनचीही १८ महिन्यांची चाचणी झाली, निकाल २०१९ मध्ये आला. मेंदूतलं लोह उतरलं, पण आजार थोपला असं ठाम म्हणता आलं नाही. स्नायूंचा ताठरपणा कमी करायला औषधं आहेत, ती सोमवारी विचारा.

थॅलेसेमिया_बाबा
लोह उतरलं ना? मग चुकीचं काय बोललो मी?

कुपवाड_७७
दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज आत्ताच भरून ठेवा. आमचे फार हेलपाटे झाले.

तासगावची_आई
मला मामाच्याच घरी दिलंय. पण आमच्यात असं कुणालाच नव्हतं. सासूबाई माझ्या माहेरालाच बोल लावतात, आणि माहेर म्हणजे त्यांच्या नणंदेचंच घर.

कृष्णाकाठ
आमच्या आत्याचंही मामेभावाशीच झालं, पोरं ठणठणीत आहेत. उगाच नात्याला दोष नको.

मिरज_लॅब
दोष कुणाचाच नाही. आई-बाप दोघांकडे त्या जनुकाची एकेक बिघडलेली प्रत असते, दोघंही निरोगी. दर गरोदरपणात मुलाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळून आजार होण्याची २५ टक्के शक्यता. सासूबाईंना एवढंच सांगा, प्रत दोन्हीकडून आली.

तासगावची_आई
तवा काढते खाली. धाकटी सव्वा वर्षाची आहे, आजच पाऊल टाकलं तिनं. तिचंही रक्त द्यायचं का सोमवारी?

मिरज_लॅब
आधी दादाचं जनुक सापडू दे. मग जेनेटिक्सच्या डॉक्टरांशी बसून ठरवा. सोमवारी एमआरआयची सीडी न्या, नुसता कागद नको.